शेषरावभाऊंची मशीन

शेषरावभाऊ भेटले की आधी जयभीम घालतात आणि मग समोरच्या माणसाचा आकडा सांगतात.

"जयभीम, सर! आज अठ्ठ्याऐंशीवर चालून राह्यले तुमी. घरी काई झालं का?"

ऐकणारा नवखा असेल तर चपापतो. मेहकरच्या बसस्टँडवर एका कंडक्टरला त्यांनी "तुमी एकशे बारावर हा, बसा, पानी प्या" असं इतक्या काळजीनं सांगितलं की तो बिचारा खरंच बसला आणि बस पाच मिनिटं उशिरा सुटली.

त्याचा उलगडा असा. आमची एक गायन पार्टी आहे. जयंती, लग्न, वास्तू, नामकरण, निवृत्ती, कोणी बोलावलं की आम्ही जातो आणि नाही बोलावलं तर आडून आडून सुचवतो. मी पेटी वाजवतो आणि गातो. समाधान नावाचा आमचा बेंजोवाला आहे, मागं कोरसला दोघं आहेत आणि शेषरावभाऊ ड्रम मशीनवर आहेत. मशीन म्हणजे वहीएवढी काळी वस्तू, पण ढोलक, ढोल, ड्रम, टाळ्या, सगळं तिच्या पोटात. बटन दाबलं की वाजायला लागते आणि थांबवेपर्यंत वाजत राहते. मिनिटाला किती ठोके पडतात तो आकडा तिच्या छोट्या काचेत लाल अक्षरांत दिसतो. चार वर्षं त्या काचेकडे पाहून पाहून भाऊंना आता सगळं जग त्याच हिशेबात ऐकू येतं.

आमच्या घरी आले की ते दारापुढच्या ओट्यावर बसूनच स्वयंपाकघराचा अंदाज घेतात. "वहिनी भाकर एकशे विसावर थापून राह्यल्या. आपन आज भाईरच बोलू." एकदा मी हे मनावर न घेता चहा सांगायला आत गेलो होतो. चहा मिळाला नाही, आणि जे मिळालं ते भाऊंनी ओट्यावर बसून पूर्ण ऐकलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहून बहात्तर सांगितली तर हे म्हणाले, "शहात्तर हाये. पुन्यांदा पाहा." डॉक्टरांनी पुन्हा पाहिली, ती शहात्तर निघाली. तेव्हापासून डॉक्टर त्यांना रांगेत बसवत नाहीत, लवकर मोकळं करतात. पुढाऱ्यांच्या भाषणाबद्दलही त्यांचा एक ठोकताळा आहे. "एकशे चाळीसच्या वर गेला की समजजा, आता तो रस्त्याचं सांगनार."

मूळचे ते टेलर. गावातले अर्धे नवरदेव त्यांनी शिवलेल्या कपड्यांत बोहल्यावर चढले. दुकान सांभाळून चौदा वर्षं त्यांनी आमच्या पार्टीत ढोलक वाजवली. मग एका सकाळी दुकानातच त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, डाव्या हाताची बोटं मात्र काही केल्या वळेनात. कापड धरायला डावा हात लागतो आणि ढोलक वाजवायलाही लागतो. दुकानाचं शटर खाली आलं. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो दर रविवारी फोन करतो, "बाबा, इकडं या." भाऊ दर रविवारी सांगतात, "येतो न बाप्पा. पन डेट लागेल हायेत." डेट म्हणजे कार्यक्रमाच्या तारखा. त्या महिन्यातून एखादी असते, कधी तीही नसते.

मापं घ्यायची सवय हाताला होती, हात गेल्यावर ती कानात जाऊन बसली असावी. हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं, कारण तेव्हा मी बहुतेक वेळ स्वतःचाच विचार करत असे.

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो. थोडंच सांगायचं असं दर वेळी ठरवतो, पण जमत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. आवाज बरा आहे असं लोक म्हणतात. पण मला स्वतःला अभिमान होता तो आवाजाचा नव्हे, तालाचा. आवाज काय, कोकिळेलाही असतो. ताल धरायला गणित लागतं, असं मी स्टाफरूममध्ये अनेकदा सांगितलेलं आहे. चहाच्या कपावर चमचा वाजवून दाखवलंही आहे. सहकारी माना डोलवायचे. त्यांचे तास असायचे, तेव्हा तर ते फार लवकर माना डोलवायचे.

भाऊंचा हात गेला तेव्हा मी जालन्याला एका लग्नात ही मशीन पाहिली आणि आणली. "भाऊंसाठी आणली," असं मी गावभर सांगितलं. खरं सांगायचं तर मनातून मला बरंच वाटलं होतं. ढोलक वाजवणारा कितीही चांगला असला तरी माणूसच, कधी खाली-वर होणार. माझ्यासारख्या पक्क्या गायकाला आता पक्की साथ मिळणार होती.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मशीन हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बुधली काढली आणि आकडा कमी-जास्त करायचं जे गोल बटन असतं त्याच्या बुडाशी एक थेंब सोडला. मी किंचाळलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "मशीन म्हनली की तेल आलं, सर." काही बिघडलं नाही. उलट ते बटन आधी कटकट वाजायचं, ते मुक्यानं फिरायला लागलं.

दुसरी सवय टॉवेलची. कार्यक्रमात भाऊ मशीन मांडीवर घेतात आणि तिच्यावर चौकड्याचा टॉवेल पांघरतात. विचारलं तर सांगतात, "धूळ बसते." उजवा हात टॉवेलाखाली, तो गाणं संपेपर्यंत बाहेर येत नाही. हॉलमध्ये धूळ नसली तरी टॉवेल असतोच.

तिसरी सवय माझ्याकडे पाहण्याची. ते बरोबर माझ्या उजव्या हाताला, थोडे पुढं बसतात आणि पूर्ण वेळ मान वर करून माझ्या गळ्याकडे एकटक पाहत राहतात. डोळ्याची पापणी लवत नाही. तोंड थोडं उघडं. मला वाटायचं, चौदा वर्षं साथ करूनही या माणसाला माझ्या गाण्याचं किती वेड आहे! मी नम्रपणे त्यांना ते पाहू देत असे. एकदा तर मी त्यांच्यासाठी एक तान जास्तच घेतली.

मशीन आल्यावर माझा अभिमान आणखी फुगला. पूर्वी कोणी म्हणू शकलं असतं की ढोलकवाला सांभाळून घेतो. आता सांभाळणार कोण? गाणं मशीनबरोबर सुरू व्हायचं आणि पाच-सहा मिनिटांनी बरोबर तिच्याच ठोक्यावर संपायचं. "यंत्र कोणाची भीड धरत नाही," मी स्टाफरूममध्ये सांगायचो. "आणि यंत्राच्या बरोबरीनं गाणारी माणसं या तालुक्यात किती आहेत, ते तुम्हीच मोजा." मुख्याध्यापकांनी मोजायचा प्रयत्नही केला होता.

असं चार वर्षं छान चाललं. मग कोणीतरी आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला.

व्हिडिओत मी फार चांगला दिसत होतो. आम्हा सगळ्यांचे मरून ब्लेझरही (भाऊंनीच पूर्वी शिवलेले) उठून दिसत होते. पण पाहणाऱ्यांनी खाली काय लिहावं? "तो बाबा टॉवेलाखाली काय करून राह्यला बे?" दुसऱ्यानं लिहिलं, "मुंगफली सोलून राह्यला." त्याखाली हसण्याची चित्रं. माझ्या गाण्याबद्दल एक अक्षर नाही. मी तो व्हिडिओ बारा वेळा पाहिला आणि तेराव्या वेळी ठरवलं की शेषरावभाऊंनी आता विश्रांती घ्यावी.

आमच्या भागात माणसाला जागेवरून उठवायचं असेल तर त्याचा सत्कार करतात. लग्नातही सत्कार असतात, मुलाच्या मामाचे, मुलीच्या काकाचे, सरपंचांचे, माजी सरपंचांचे. त्यात आणखी एक सहज खपतो. लोणारला एक लग्न ठरलेलं होतं, दुपारचं. मी मुलीच्या काकांना फोन करून सांगितलं, आमच्या एका ज्येष्ठ कलावंताला शाल द्या. पायानं सुरू-बंद करायचं एक पेडलही मी मागवून घेतलं.

समाधानला सांगितलं तर तो बेंजो पुसता पुसता थांबला. "सर, भाऊबिगर जमन का?"

"काऊन नाही जमनार? मशीन तीच आहे. भाऊ काय करतात? बसतात."

समाधान माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला आणि पुन्हा बेंजो पुसायला लागला.

भाऊंना सांगायला मी स्वतः गेलो. "भाऊ, लोणारच्या लग्नात तुमचा सत्कार ठेवला आहे."

"काऊन? म्या काय केलं?"

"अठरा वर्षांची सेवा आहे तुमची. आता आराम करा."

भाऊंनी डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून सरळ केली. "मंग मशीनवर कोन बसन?"

"मीच चालवतो. पायानं. पेडल आणलं आहे."

"आकडा?"

"शहाण्णववर लावून ठेवतो. मला काय अवघड आहे?"

"हाव," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग सोमवारी पुन्याले जातो म्हनतो. पोरगं कवाचं बलावून राह्यलं. मी घर खाली करतो."

मला एकदम हायसं वाटलं. किती समजूतदार माणूस आहे, असं मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "कोण?"

लोणारच्या मंगल कार्यालयात गर्दी चांगली होती. विधी झाला, फुलं टाकून झाली आणि सत्कार सुरू झाले. एकविसावा सत्कार भाऊंचा. त्यांना शाल दिली, हार घातला आणि पाहुण्यांच्या पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर माजी सरपंचांशेजारी बसवलं. शाल त्यांनी मांडीवर ठेवली. मी माईकवर त्यांच्याबद्दल चार शब्द बोललो, ते बारा मिनिटं चालले. मग पेटी पुढं ओढली, आकडा शहाण्णववर लावला आणि पेडलवर पाय ठेवला.

मुखडा झकास झाला. अंतऱ्याची पहिली ओळही बरी गेली. दुसऱ्या ओळीत मला वाटलं, मशीन थोडी मागं राहतेय. मी तिच्याकडे रागानं पाहिलं. तिसऱ्या ओळीत ती आणखी मागं पडली. समाधान आधी माझ्याबरोबर वाजवत होता, मग मशीनबरोबर वाजवायला लागला आणि मग त्यानं दोन्ही हात उचलून बेंजोवरून बाजूला घेतले. मागं कोरसवाल्यांनी टाळ्या धरल्या, त्या तिसऱ्याच कुठल्यातरी गाण्याच्या वाटत होत्या. मी पेडल दाबून सगळं थांबवलं.

"तांत्रिक अडचण आहे," मी माईकवर सांगितलं.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. गोड जागा आली म्हणून मी जरा रेंगाळलो, तर आता ही बया पुढं निघून गेली. पुढून कोणीतरी म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "सेल उतरले वाटते!" मी पुन्हा थांबवलं आणि सगळ्यांना दिसेल असं मशीनला दोन चापट्या मारल्या. तिसऱ्यांदा सुरू करणार तेवढ्यात मुलीचे काका स्टेजजवळ आले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सर, तोवर जेवनं सुरू करून देऊ का?"

गाणाऱ्या माणसाला लग्नात याच्यापेक्षा जास्त कोणी बोलू शकत नाही.

मी तिसऱ्यांदा सुरू केलं. आवाजात घाम उतरला होता. आणि सहज पुढं नजर गेली तर सोफ्यावर शेषरावभाऊ तसेच बसलेले, मान वर, डोळे माझ्या गळ्यावर, तोंड थोडं उघडं. मांडीवरच्या शालीखाली त्यांचा उजवा हात हलत होता. थरथरत होता. शालीवर अंगठ्याचा उंचवटा थोडा इकडं, थोडा तिकडं, थांबत नव्हता.

मला वाटलं, दुसरा झटका. आता उजवा हात.

खरं सांगतो, तेव्हा गाणं, ताल, जेवणं, सगळं डोक्यातून गेलं. मी माईकमध्येच ओरडलो, "भाऊ!"

भाऊंनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. ते उठले. माजी सरपंचांना ओलांडून, गळ्यात हार तसाच ठेवून, उजव्या हातात शाल घेऊन पाय ओढत स्टेजवर आले. माझ्या उजव्या बाजूला बसले. मशीन ओढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर शाल पांघरली.

"घ्या सर," ते हळूच म्हणाले. "पैल्यापासून."

गाणं अस्सं लागलं की कोपऱ्यातल्या बायासुद्धा माना वळवून पाहायला लागल्या. जेवायला निघालेले थांबले. गाणं आणि मशीन एका ठोक्यावर थांबली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला हुरूप आला.

"काय झालतं हिले?" मी विचारलं.

"काई नाही. गरम झालती."

"मित्रहो," मी माईकवर जाहीर केलं, "मशीन गरम झाली होती. भाऊंनी दुरुस्त केली."

दुसरं गाणं सुरू झालं. स्टेजच्या कडेला पाणी मारणारा मोठा कूलर होता, तो कोणीतरी आमच्याकडे वळवला. वाऱ्यानं शालीचं टोक उडालं आणि मला मशीनची काच दिसली. आकडा शहाण्णव होता. मी गात होतो. सत्त्याण्णव झाला. नव्व्याण्णव झाला. मी अंतऱ्यात शिरलो आणि एकशे दोन झाला, एकशे पाच झाला. गोड जागेवर रेंगाळलो तर तो उतरायला लागला, अठ्ठ्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव. काळ्या बटनावर भाऊंचा अंगठा फिरत होता आणि डोळे माझ्या गळ्यावर होते.

मला शंका आली ती मशीनचीच. म्हणून पुढच्या ओळीत मी मुद्दाम थोडा पळालो. आकडा माझ्या मागोमाग धावत आला. मुद्दाम सावकाश झालो, तोही सावकाश झाला. गणित शिकवणाऱ्या माणसाला याच्या पुढं काही सांगावं लागत नाही. ज्या तालाच्या जोरावर मी कपावर चमचे वाजवले होते तो ताल हा होता, आणि तो शालीखाली होता. मी तेच कडवं तीन वेळा गायलो, कारण पुढचं आठवेना. लोकांनी प्रत्येक वेळी टाळ्या दिल्या.

परत येताना लोणार-मेहकर एसटीत मी भाऊंच्या शेजारी बसलो. हार त्यांनी काढून शालीत गुंडाळून ठेवला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कांद्याच्या बियाण्याची शेतं होती, पांढरे गोंडे उन्हात उभे. 

"भाऊ, मशीन कवापासून गरम होते?"

"होते कवाकवा."

"म्या आकडे पाह्यले."

 भाऊ चोरी पकडल्यासारखं हसले. "कूलर कोनं फिरोला बाप्पा!"

"काऊन नाही सांगितलं मले?"

"काय सांगू? तुमी सर हा. गनिताचे."

"ढोलक होती तवाबी मी असाच पळत होतो?"

"हाव. पन ढोलकीवर सोपं होतं. हात आपोआप तुमच्या मांगं येत होता, मले मालूम बी पडत नोतं. मशीन आली अन् मले धाक पडला. हे काई कोनासाठी थांबत नाही. पैल्याच दिवशी दुसऱ्या ओळीत तुमी तिले सोडून निंघून गेलते. म्या म्हनलं, आता सर परेशान होतीन, गानंच सोडून देतीन. मंग म्या बटन फिरोलं."

"सोडलं असतं त सोडलं असतं. लोक सुटले असते."

भाऊ हसले नाहीत. "अन् मी कुठी बसलो असतो, सर?"

त्यांनी शालीची गुंडाळी मांडीवर सारखी केली.

"लकवा झाला तवा सारेच भेटाले आले. केळं घेऊन आले, सफरचंद घेऊन आले. बसले, गेले. तुमी आले अन् म्हनलं, भाऊ, गुरुवारी रिहर्सल हाये, येजा. एक हात गेलेल्या मानसाले कामाले ये म्हननारे तुमी एकलेच होते. तुमाले आठोत नसन."

मला आठवत नव्हतं. आणि मला माझा स्वभाव माहीत आहे. त्या गुरुवारी मी बहुधा वायरी सांभाळायला कोणी मिळतं का तेवढंच पाहत असणार. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. डोळे भरून आले होते आणि पलीकडच्या सीटवर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

"भाऊ, मी शिकतो आता," मी म्हणालो. "मोबाईलवर ठोके देनारं ॲप असते. महिन्याभरात पक्का होतो. तुमाले एवढा तरास नाही पडनार."

भाऊ दचकले. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "नोका न सर! तुमी सुधरू नोका. तुमी तालात गाऊन राह्यले, मंग मले काय काम राह्यलं तिथी?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. भाऊ "हाव, हाव" करत ऐकत राहिले. मग फोन छातीशी धरून माझ्याकडे वळले. "सोमवारचं तिकीट काढून राह्यला. काय सांगू?"

पुढं आमची एकही तारीख लागलेली नव्हती. पुढच्या महिन्यातही नव्हती.

"सांगा त्याले, डेट हाये!" मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

"बाप्पा, सर म्हनून राह्यले डेट हाये," भाऊ फोनमध्ये म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "हाव. मोठी हाये."

दुसऱ्या दिवशी मी आठवेल त्याला फोन केले आणि साखरखेर्ड्यात एका ओळखीच्याच्या नातीचं नामकरण होतं, तिथं आमच्या पार्टीला घुसवून घेतलं. पण माणूस मूळ स्वभावावर जातोच. दरम्यानच्या पंधरा-वीस दिवसांत मी गच्चीवर जाऊन, कानात वायर घालून, चोरून ॲपवर सराव केला. बायको म्हणाली, कपडे वाळत घालायला जात नाही तो माणूस गच्चीवर पाय आपटायला जातो. मला स्वतःला एकदा तरी खरं खरं तालात गाऊन पाहायचं होतं.

साखरखेर्ड्यात पहिलं गाणं मी मोजून गायलो. मशीन आणि मी जोडीनं निघालो आणि कोणाच्याही मदतीशिवाय जोडीनं थांबलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. टाळ्या नेहमीएवढ्याच पडल्या.

मी मोठ्या ऐटीत भाऊंकडे पाहिलं. टॉवेल जागेवर होता, पण त्यांचा उजवा हात टॉवेलाबाहेर होता. डाव्या हाताशेजारी, मांडीवर नुसता ठेवलेला. दोन्ही हात अगदी सारखे दिसत होते. माझ्या गळ्याकडेही ते पाहत नव्हते, समोरच्या पाळण्याकडे पाहत होते.

"लै पक्के झाले सर तुमी," ते म्हणाले. आवाज असा की जणू मी त्यांना दुसऱ्यांदा शाल दिली होती.

मी दुसरं गाणं सुरू केलं. मुखडा नीट म्हटला, अंतऱ्याच्या तोंडाशी श्वास घेतला आणि सुटलो. (हे मी मुद्दाम केलं, असं नंतर समाधानला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग पैलेच्यात अन् याच्यात फरक कोनता, सर?" त्याला बारकावे कळत नाहीत.) डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, भाऊंचा हात टॉवेलाखाली गेला होता. मान वर झाली, तोंड थोडं उघडलं. मी पळत होतो, मशीन माझ्या पाठीमागं येत होती, आणि मध्येच कोणीतरी मोठ्यानं ओरडलं. इतक्या वर्षांत ज्यांनी मला एकदाही चूक दाखवली नव्हती ते शेषरावभाऊ सगळ्या पाहुण्यांसमोर, माईकमध्ये ऐकू जाईल असे, मला रागावत होते.

"अहो सर, सांभाळा न जरा! किती पळसान!"

त्यांचं तोंड हसण्यानं भरलं होतं. मी आणखी जोरात पळालो.